‘ब्रह्मा’ कोंबडीची वंशावळ : एक नाव आणि त्याचा पुरावा

पाळीव पशुपक्ष्यांच्या जातींचा इतिहास हा विषय इतिहासाभ्यासकांनी बहुधा पशुवैद्यांकडे व हौशी पालकांकडे सोपविलेला दिसतो. राजघराण्यांच्या वंशावळी तपासताना जी कसोटी लावली जाते तीच एखाद्या कोंबडीच्या वंशावळीस लावावी, असे सहसा कोणास सुचत नाही. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिका व इंग्लंड ह्या देशांत ‘ब्रह्मा’ ह्या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कोंबडीचे उदाहरण ह्या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. ह्या पक्ष्याचे नाव हिंदुस्थानी, बारसे बॉस्टनचे, देहाची ठेवण बहुतांशी चिनी, आणि जातीची शुद्धता मात्र पुढे कागदावर लिहून ठरविलेली. आज ही कोंबडी ‘वारसा जातीं’मध्ये गणली जाते व तिच्या जतनासाठी संस्था झटतात. मग ज्या वारशाचे जतन करावयाचे तो कोठला, किती जुना आणि कोणाच्या साक्षीवर मान्य झालेला, हा प्रश्न खुराड्यापुरता राहत नाही. पुरावा कशास म्हणावे, ह्या इतिहासशास्त्राच्या मूळ प्रश्नापाशीच तो येऊन थांबतो.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेणे इष्ट होय. ब्रह्मा ही जड, रुंद व संथ स्वभावाची कोंबडी असून तिच्या पायांवर बोटांपर्यंत पिसे असतात. अमेरिकन मानकानुसार फिक्या रंगाच्या ब्रह्मा कोंबड्याचे वजन १२ पौंड, म्हणजे सुमारे साडेपाच किलो, व कोंबडीचे साडेनऊ पौंड असावे लागते. गडद प्रकार ह्याहून पौंडभर हलका. फिका प्रकार पांढरा असून त्याच्या मानेवरील पिसे काळी व पांढऱ्या किनारीची आणि शेपूट काळे असते. गडद प्रकारात कोंबडा काळा-रुपेरी, तर कोंबडी राखी रंगाची व प्रत्येक पिसावर बारीक समांतर रेषा ओढल्यासारखी दिसते. डोके देहाच्या मानाने लहान, भुवई पुढे आलेली, आणि त्यावर तीन ठेंगण्या रांगांचा, मधली रांग थोडी उंच असलेला तुरा असतो. ह्यासच ‘वाटाणी तुरा’ म्हणतात. हा तुरा आणि पायांवरील पिसे ही दोन लक्षणे ध्यानात ठेवावीत, कारण पुढील सर्व वाद ह्या दोहोंभोवती फिरतो.

ब्रह्मा कोंबडीचा उदय समजण्यासाठी दोन निरनिराळ्या घटनांची सांगड घालावी लागते. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली व १८४९ च्या कायद्याने ती अधिक कडक झाली. झुंजीसाठी पक्षी निवडण्याचे, जोपासण्याचे व त्यांच्या पिढ्या लक्षात ठेवण्याचे जे कौशल्य कित्येक पिढ्या जमा झाले होते त्यास आता दुसरी वाट हवी होती. १८४५ च्या जून महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत कोंबड्यांचे जे प्रदर्शन भरले ते अशा प्रकारचे पहिले मोठे प्रदर्शन समजले जाते. रिंगणाची जागा पिंजऱ्याने व रक्ताची जागा रौप्यपदकाने घेतली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. दुसरी घटना पूर्वेकडील. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनची पाच बंदरे परकीय व्यापारास खुली झाली, आणि त्यांपैकी शांघायहून परतणाऱ्या जहाजांवर चहा व रेशीम ह्यांच्या सोबतीने मोठाल्या, पिसाळ पायांच्या कोंबड्याही येऊ लागल्या.

नावांचा गोंधळ येथूनच सुरू होतो. १८४० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत व्हिक्टोरिया राणीच्या पक्षिगृहात काही उंच आशियाई पक्षी दाखल झाले व ते ‘कोचीन-चायना’ म्हणून ओळखले जाऊ लागले. राणीने आपले पक्षी १८४६ मध्ये डब्लिनच्या प्रदर्शनातही पाठविले होते. कोचीन-चायना म्हणजे आजच्या व्हिएतनामचा दक्षिण भाग. ह्या पक्ष्यांच्या पायांवर पिसे नव्हती. पुढे १८४७ च्या सुमारास शांघायहून जे पिसाळ पायांचे पक्षी आले त्यांसही लोकांनी तेच नाव दिले, आणि आज ‘कोचीन’ म्हणून जी जात ओळखली जाते ती ह्या दुसऱ्या पक्ष्यांची संतती होय. म्हणजे कोचीनचा कोचीनशी संबंध नाही, आणि ज्यांना प्रथम ते नाव मिळाले त्यांच्याशी तर त्याहूनही कमी. आमच्या केरळातील कोचीनशी तर तो मुळीच नाही, हे वेगळे सांगण्याचे कारण एवढेच की हा समज अधूनमधून आढळतो. आशियाई कोंबड्यांच्या बाबतीत स्थलनाम हे उगमस्थानाचा पुरावा न मानता विक्रेत्याची शिफारस मानावी, हा धडा कोचीनच्या उदाहरणावरूनच मिळावयास हवा होता. तो मिळाला नाही, म्हणून ब्रह्माचा वाद वीस-पंचवीस वर्षे चालला.

अमेरिकेत १८४९ च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या सार्वजनिक बागेत पहिले मोठे कुक्कुटप्रदर्शन भरले. हजाराहून अधिक पक्षी मांडले गेले आणि दोन दिवसांत दहा हजारांहून अधिक प्रेक्षक येऊन गेले. प्रदर्शकांत सेनेटर डॅनिएल वेब्स्टर ह्यांच्यासारखे राजकारणी होते, त्यावरून ही हौस कोणत्या थरापर्यंत पोहोचली होती हे कळते. ह्यानंतरची पाच-सहा वर्षे ‘कोंबडीचा ताप’ ह्या नावाने ओळखली जातात. एकेका जोडीस शंभर डॉलर व त्याहूनही अधिक किंमत येऊ लागली. अंड्यांच्या रवणास, म्हणजे एका खेपेस उबवावयाच्या डझनभर अंड्यांस, लोक आगाऊ पैसे भरून थांबू लागले. ज्याच्यापाशी जे पक्षी होते त्यांस नवे नाव मिळाले तर किंमत दुप्पट होत असे, आणि त्यामुळे एकाच पक्ष्यास डझनभर नावे पडली. हर्मन मेलव्हिलसारख्या लेखकाने १८५३ मध्ये एका शांघाय कोंबड्याच्या आरवण्याभोवती संपूर्ण कथा रचली, ती ह्याच वातावरणात.

ह्या गर्दीत ब्रह्मा कोठून आली? ह्यासंबंधी दोन साक्षी महत्त्वाच्या आहेत. पहिली कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील व्हर्जिल कॉर्निश ह्यांची. त्यांच्या कथनानुसार हार्टफर्डमधील चेंबरलिन नावाच्या एका कारागिराच्या परिचयाचा एक खलाशी होता. न्यूयॉर्कमध्ये बाहेरून आलेल्या अजस्र कोंबड्यांच्या तीन जोड्या आहेत, असे त्याने चेंबरलिन ह्यांस सांगितले. चेंबरलिन ह्यांनी पैसे देऊन त्यास पाठविले आणि त्याने फिक्या राखी रंगाची एक जोडी आणली. ही गोष्ट १८४६ च्या सप्टेंबरातील. पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात त्या जोडीची पहिली पिले निघाली. हे पक्षी हिंदुस्थानातील ‘लकीपूर’ येथून आल्याचे सांगितले जाई. १८५० च्या बॉस्टन प्रदर्शनात ह्याच वंशाचे पक्षी हॅम्डेन येथील हॅच नामक गृहस्थांनी मांडले, तेव्हा त्यांचे नाव ‘राखी चितगाव’ असे होते.

ह्या साक्षीची छाननी केली असता असे दिसते की कॉर्निश हे स्वतः प्रामाणिक गृहस्थ असले तरी ते सांगतात ती गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचेतो निदान तीन तोंडे बदलली आहे : न्यूयॉर्कचा विक्रेता, खलाशी आणि चेंबरलिन. मूळ पक्षी ज्या जहाजावरून उतरले त्या जहाजाचे नाव कथनात नाही. लकीपूर हे गाव मात्र काल्पनिक नव्हे. बंगालमधील लक्ष्मीपूर ते हेच. अठराव्या शतकात तेथे ईस्ट इंडिया कंपनीची कापडाची वखार होती, आणि आज ते बांगला देशातील एका जिल्ह्याचे ठाणे आहे. गाव खरे आहे म्हणून कथा खरी, असा युक्तिवाद ह्यावरून सुचतो. परंतु लक्ष्मीपूर हे मेघनेच्या मुखाकडील गाव. ब्रह्मपुत्रेचे पाणी तेथे इतर प्रवाहांत मिसळून येते. अमेरिकन जहाजांचा बंगालशी जो व्यापार होता तो कलकत्त्याच्या बंदरातून, आणि तो लहान नव्हता : बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ पासून कलकत्त्यास बर्फ धाडण्यास आरंभ केला होता. कलकत्त्यास गेलेल्या कोणत्याही खलाशाच्या कानांवर त्या भागातील गावांची नावे पडली असणार. खोट्या गोष्टीसही खरे गाव लागते, आणि खलाशांपाशी गावांचा तोटा कधीच नसतो.

दुसरी साक्ष जॉर्ज पी. बर्नहॅम ह्याची. हा मॅसॅच्युसेट्समधील कोंबड्यांचा व्यापारी. ताप वाढविण्यात त्याचा वाटा मोठा होता आणि तो उतरल्यावर १८५५ मध्ये त्याने ‘कोंबडीच्या तापाचा इतिहास’ ह्या आशयाचे एक विनोदी पुस्तक लिहून आपल्याच गिऱ्हाइकांची टर उडविली. बर्नहॅमचे म्हणणे असे की ज्यांस लोक ब्रह्मपुत्रा म्हणतात ते पक्षी म्हणजे राखी शांघायच होत. त्यांचा ब्रह्मपुत्रेशी काहीएक संबंध नाही, नाव केवळ विक्रीसाठी शोधलेले. ल्यूइस राइट ह्यांच्यासारख्या नंतरच्या लेखकांनी कॉर्निश ह्यांचे कथन उचलून धरल्यावर १८७४ मध्ये त्याने ‘चिनी कोंबडी’ ह्या विषयावर दुसरे पुस्तक लिहून हाच मुद्दा गंभीरपणे पुन्हा मांडला.

येथे अभ्यासकापुढे मोठी गमतीची अडचण उभी राहते. एक साक्षीदार सज्जन आहे, पण तो ऐकीव गोष्ट सांगतो. दुसरा स्वतःस्वतःला लबाड म्हणवितो, आणि प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट सांगत असल्याचा दावा करतो. आपल्या हिताविरुद्ध बोलणाऱ्याची साक्ष अधिक विश्वसनीय, हा सामान्य नियम बर्नहॅमला लावण्याचा मोह होतो. पण तो सावधपणे लावावा लागेल. १८५५ मध्ये बाजार कोसळलेला होता, तेव्हा ‘हे सर्व थोतांड होते’ असे सांगण्यात त्याचे नुकसान नव्हते, उलट पुस्तक खपत होते. शिवाय पक्षी चिनी ठरला म्हणजे त्यास प्रथम लौकिक मिळवून देण्याचे श्रेय हार्टफर्डकडून बर्नहॅमकडे येत होते. तेव्हा दोघांच्याही साक्षीत हितसंबंध आहे. फरक इतकाच की एकाचा उघड दिसतो. राइट ह्यांनी बर्नहॅमला जवळजवळ बाद ठरविले ते त्याच्या चारित्र्यावरून. न्यायालयात हे शोभले असते, इतिहासात तेवढ्याने भागत नाही.

नावाचा निर्णय मात्र ह्या वादाची वाट पाहत थांबला नाही. १८५२ मध्ये बॉस्टनच्या प्रदर्शनातील परीक्षकांनी डझनभर नावांचा घोळ मिटविण्यासाठी ‘ब्रह्मपुत्रा’ हे अधिकृत नाव ठरविले. अमेरिकन उच्चारात त्याचे ‘बरामपूटर’, ‘ब्रामा पूट्रा’ असे नाना अवतार झाले आणि अखेर ‘ब्रह्मा’ एवढेच राहिले. म्हणजे पुत्र गळून पडला व पिताच उरला. परीक्षकांपुढे लक्ष्मीपूरचा कोणताही कागद नव्हता. त्यांस हवी होती ती पिंजऱ्यावर लावावयाची एक चिठ्ठी. ह्याच वर्षाच्या अखेरीस बर्नहॅमने आपले नऊ राखी पक्षी व्हिक्टोरिया राणीस नजर केले. राणीच्या वतीने कर्नल फिप्स ह्यांचे आभाराचे पत्र आले, त्यापाठोपाठ राणीचे चित्रही आले, आणि जानेवारी १८५३ मध्ये लंडनच्या सचित्र साप्ताहिकात त्या पक्ष्यांचे चित्र झळकले. बर्नहॅमच्या मालाची मागणी त्यानंतर कशी वाढली असेल हे सांगावयास नको. इंग्लंडमधील गडद ब्रह्मा प्रकाराची उभारणी पुष्कळ अंशी ह्याच नजराण्यातील पक्ष्यांपासून झाली. ब्रह्मपुत्रेचे नाव खोटे असे जो आयुष्यभर सांगत राहिला त्याच्याच पक्ष्यांनी ते इंग्लंडात रुजविले, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

तोंडी साक्षी जेथे निकामी होतात तेथे अभ्यासक पक्ष्याच्या देहाकडे वळले. डब्ल्यू. बी. टेगेटमायर हे डार्विनचे कुक्कुटविषयक माहितीचे मुख्य साहाय्यक. त्यांनी ब्रह्मपुत्रेच्या उगमाची कथा मानली नाही; त्यांच्या मते हे पक्षी चिनी घराण्यातीलच. उलट ल्यूइस राइट ह्यांनी १८७० मध्ये ब्रह्मावर स्वतंत्र ग्रंथ लिहून तुरा, डोके व शेपूट ह्यांच्या ठेवणीवरून ती कोचीनहून निराळी असल्याचे प्रतिपादन केले. कोचीनचा तुरा एकेरी, उभा व दातेरी, ब्रह्माचा वाटाणी. वाटाणी तुरा व पुढे आलेली भुवई ही लक्षणे असीलसारख्या हिंदुस्थानी झुंजार कोंबड्यांत व चितगावच्या पक्ष्यांत आढळतात. ह्यावरून राइट ह्यांचा पक्ष बळकट दिसतो. परंतु असील व चितगाव ह्यांच्या पायांवर पिसे नसतात. पिसे शांघायच्या पक्ष्यांच्या पायांवर असतात. एकच पक्षी डोक्याने पश्चिमेकडे व पायांनी पूर्वेकडे बोट दाखवितो, तेव्हा तो मिश्र आहे हा निष्कर्ष सोपा आहे, आणि आज सर्वसाधारणपणे मानला जातो तोही हाच : शांघायच्या पक्ष्यांशी चितगावकडील राखी पक्ष्यांचा संकर होऊन अमेरिकेत १८४६ ते १८५२ च्या दरम्यान ही जात आकारास आली.

ह्या निष्कर्षास विरोध करण्याचे कारण नाही. तथापि तुऱ्याची साक्ष वाटते तितकी स्वतंत्र नाही, ह्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. आरंभीच्या वर्षांत ‘ब्रह्मपुत्रा’ म्हणून मांडल्या जाणाऱ्या पक्ष्यांत एकेरी तुऱ्याचे व वाटाणी तुऱ्याचे असे दोन्ही पक्षी असत. वाटाणी तुरा हे एकेरी तुऱ्यावर मात करणारे लक्षण आहे. पक्ष्यांचे तुरे हे विल्यम बेट्सन ह्यांनी १९०२ मध्ये मेंडेलचे नियम प्राण्यांसही लागू पडतात हे दाखविताना घेतलेल्या उदाहरणांपैकी एक होते. मिश्र वंशाच्या दोन वाटाणी तुऱ्यांच्या पक्ष्यांपासून सरासरीने चौथा हिस्सा पिले एकेरी तुऱ्याची निपजतात. पालक अशी पिले खाटकाकडे धाडीत. परीक्षकांनी वाटाणी तुऱ्यास पसंती दिल्यावर काही पिढ्यांतच एकेरी तुरा वंशातून जवळजवळ नाहीसा झाला, आणि मग त्याच्या अभावावरून राइट ह्यांनी ब्रह्माचे हिंदुस्थानी मूळ सिद्ध केले! पुराव्याची निवड ज्या नावाने केली त्याच नावास पुराव्याने दुजोरा दिला. एखाद्या घराण्याने आपली बखर लिहवून घेताना गैरसोयीची पाने फाडावी आणि नंतरच्या संशोधकाने उरलेल्या पानांच्या एकवाक्यतेवर विश्वास ठेवावा, तशातलाच हा प्रकार. राइट ह्यांचा निष्कर्ष अंशतः बरोबर निघाला तो युक्तिवादाच्या बळावर नव्हे.

१८५५ मध्ये ताप उतरला. शंभर डॉलरांची जोडी साध्या बाजारभावाने जाऊ लागली, बहुतेक नवी नावे विस्मृतीत गेली. ब्रह्मा टिकली ती तिच्या गुणांमुळे, आणि ते गुण कोणत्याही वंशावळीहून अधिक खरे होते. ती थंडीत अंडी देते. तुरा बुटका असल्याने तो हिमाने गोठत नाही. तिला उडता येत नसल्याने कमरेइतके कुंपण पुरते. ती शांत असल्याने थोड्या जागेत राहते. आधुनिक मांसल संकरांचे युग येण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० च्या सुमारापर्यंत, अमेरिकेत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या प्रमुख जातींत तिची गणना होती.

तिला वाढविणे मात्र सोपे नव्हते, आणि जातीच्या इतिहासाचा हा भाग ग्रंथकारांपेक्षा खुराड्याशी अधिक निगडित आहे. ब्रह्मा कोंबडी खुडूक होते व अंड्यांवर निष्ठेने बसते, परंतु तिच्या वजनाने अंडी फुटतात. म्हणून अनुभवी पालक मौल्यवान रवण हलक्या जातीच्या खुडूक कोंबडीखाली घालीत. पिले एकविसाव्या दिवशी निघत, पण त्यांस पिसे उशिरा फुटत, त्यामुळे ओल व वारा ह्यांपासून त्यांस अधिक दिवस जपावे लागे. दांडी उंच ठेवली तर जड पक्षी उडी टाकताना तळपायास इजा करून घेतो, म्हणून ती हातभर उंचीवर. चिखलात पायांची पिसे भरतात, तुटतात, आणि त्यांखाली खवल्यांत किडे शिरतात. मेघनेच्या गाळप्रदेशातून आल्याचे जिच्याविषयी सांगतात त्या कोंबडीस कोरडी जमीन लागावी, ही बाब लक्ष्मीपूरच्या कथेविरुद्ध पुरावा म्हणून फारशी कोणी वापरलेली नाही. निदान पायांची पिसे त्या प्रदेशातली नव्हेत, एवढे तरी ती सुचविते.

प्रदर्शनाच्या हंगामाने ह्या कष्टांत आणखी भर घातली. इंग्लंडमधील मोठी प्रदर्शने, बर्मिंगहॅमचे व क्रिस्टल पॅलेसचे, शरदाच्या अखेरीस व हिवाळ्यात भरत. त्या वर्षी जन्मलेल्या पक्ष्यांचा वर्ग निराळा असे. हलक्या जातीची तलंग सहा महिन्यांत भरते, ब्रह्मास मात्र पूर्ण अंगात येण्यास वर्ष अपुरे पडते. त्यामुळे प्रदर्शनासाठी पिले जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन बर्फात, निघावी लागत, आणि त्या दिवसांत खुडूक कोंबडी मिळणे दुर्घट. चार्ल्स हर्सन ह्यांनी १८८१ मध्ये आणलेल्या उबवणी यंत्राचे स्वागत अशा पालकांनी का केले हे ह्यावरून समजते. त्यातील द्रवाने भरलेली बंद कुपी उष्णता वाढताच फुगे व दिव्याच्या आचेवर झडप उचले. रात्रभर जागत बसण्याचे कारण उरले नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी फिक्या ब्रह्मास साबणाच्या पाण्याने न्हाऊ घालून, दोनदा विसळून, शेवटच्या पाण्यात धोब्याप्रमाणे थोडी नीळ टाकीत. एवढे मान्य होते. नको असलेले पीस उपटणे किंवा रंगविणे ही लबाडी समजली जाई व पकडल्यास पक्षी बाद होई.

ह्या सर्व श्रमांस नियम लागला तो मानकग्रंथांनी. इंग्लंडमधील पहिल्या पोल्ट्री क्लबच्या वतीने टेगेटमायर ह्यांनी १८६५ मध्ये पहिले मानक संपादित केले; अमेरिकेत १८७३ मध्ये बफेलो येथे अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनची स्थापना झाली आणि तिने पुढल्याच वर्षी आपले मानक छापले. त्यात फिकी व गडद ब्रह्मा दोन्ही होत्या. ज्या जातीच्या जन्मास तीस वर्षेही झाली नव्हती तिचे स्वरूप आता शब्दांत बांधले गेले : तुरा असा, मानेची किनार अशी, वजन इतके, बोटांवरील पिसे इतपत. मानकाने पक्ष्याचे वर्णन केले एवढेच नव्हे, तर पुढील पक्षी कसा निपजावा हे ठरविले. मांडीच्या मागे ताठ पिसांचे झुबके असावेत की नसावेत ह्यावर १८७० नंतर जो कडाक्याचा वाद झाला त्यात पक्ष्याच्या उपयुक्ततेचा प्रश्न नव्हता. पायांवर अधिक पिसे हवी असतील तर हे झुबके येतात, एवढीच निसर्गाची अट होती आणि हौशी मंडळींस एक हवे होते, दुसरे नको होते.

गडद ब्रह्माच्या बाबतीत तर मानकाने अधिकच चमत्कारिक परिणाम घडविला. मानकास कोंबडा छातीस निखळ काळा हवा व कोंबडी बारीक रेषांनी नटलेली हवी. एकाच जोडीपासून दोन्ही सहसा मिळत नाहीत. उत्तम रेषांच्या कोंबड्या ज्या कोंबड्यापासून निपजतात त्याच्या छातीवर पांढरे ठिपके असतात; म्हणजे तो स्वतः प्रदर्शनात नापास. म्हणून जाणते पालक दोन वंश वेगवेगळे राखीत, एक कोंबड्यांसाठी व एक कोंबड्यांच्या माद्यांसाठी, आणि प्रदर्शनात त्यांतील नर व मादी शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत एकाच जातीचे नमुने म्हणून उभे राहत. कागदावरील एक जात प्रत्यक्षात दोन घराणी होती, आणि त्यांतील प्रत्येक घराण्याचा अर्धा भाग लोकांच्या दृष्टीआड राहत असे.

१९४८ मध्ये अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ ह्या नावाच्या स्पर्धेची अखेरची फेरी झाली आणि त्यानंतर रुंद छातीच्या, लवकर वाढणाऱ्या संकरांनी बाजार व्यापला. ह्या संकरांच्या पितृपक्षात कॉर्निश जातीचे रक्त आहे, आणि ती जात इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास असीलच्या संकरातून तयार झालेली. म्हणजे ब्रह्मास बाजारातून हुसकावणाऱ्यांतही हिंदुस्थानी वाटा होताच. जुन्या जाती झपाट्याने घटल्या. इंग्लंडमध्ये १९७३ मध्ये व अमेरिकेत १९७७ मध्ये दुर्मिळ पाळीव जातींच्या जतनासाठी संस्था निघाल्या. अमेरिकन संस्थेने २००९ मध्ये ‘वारसा कोंबडी’ची व्याख्या केली. तीनुसार जात विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी मानकात नोंदलेली असावी, नैसर्गिक समागमाने वाढणारी असावी, सावकाश वाढणारी व दीर्घकाळ उघड्यावर जगू शकणारी असावी. व्याख्या व्यवहारास उत्तम आहे. परंतु ‘मानकात नोंदलेली’ ही पहिली अट घालताना तिने वारशाची सुरुवात पक्ष्यापासून नव्हे, पुस्तकापासून मोजली आहे. चितगावची मूळ राखी कोंबडी, जिच्यावाचून ब्रह्माचे डोके घडले नसते, त्या पुस्तकात कधी आलीच नाही. भारतातील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेच्या यादीत ती आज मेघालय व त्रिपुरा ह्या राज्यांच्या नावावर आहे. त्याच यादीत गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेवरील बुसरा कोंबडीही आहे.

अलीकडील जनुकशास्त्राने ह्या वादात जी साक्ष दिली आहे ती कोणत्याच जुन्या पक्षास पुरती सोयीची नाही. वाटाणी तुरा हा एका विशिष्ट जनुकाच्या आतील भागात एका तुकड्याच्या अनेक प्रती झाल्याने उद्भवतो, हे २००९ मध्ये उघडकीस आले. पायांवरील पिसांमागे पाय व पंख ह्यांची घडण ठरविणाऱ्या दोन जनुकांतील बदल असल्याचे २०२० मध्ये दिसून आले. ही दोन लक्षणे परस्परांशी बांधलेली नाहीत. ती निरनिराळ्या पूर्वजांकडून येऊन एका देहात राहू शकतात. ह्याहून महत्त्वाचा शोध मात्र ब्रह्माच्या पायांच्या रंगासंबंधीचा आहे. डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात सर्व पाळीव कोंबड्यांचे मूळ एकट्या तांबड्या रानकोंबड्यात शोधले व दक्षिण हिंदुस्थानातील राखी रानकोंबड्यास वंशावळीतून वगळले. त्याच्या मते ह्या दोहोंची संकरित संतती बहुधा वांझ निघते. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लाइथ ह्यांच्याकडून त्यास हिंदुस्थानातील पक्ष्यांविषयी जी माहिती मिळे तीही त्याने ह्या विचारात जमेस धरली होती. तांबड्या रानकोंबड्याविषयीचे त्याचे अनुमान २०२० मध्ये ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांच्या अभ्यासाने मोठ्या अंशी पक्के झाले. परंतु २००८ मध्ये उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले की कातडीस व पायांस पिवळा रंग देणारे जनुकरूप तांबड्या रानकोंबड्याकडून आलेले नसून राखी रानकोंबड्याकडून पाळीव कोंबड्यांत आले आहे.

ब्रह्माचे पाय पिवळे असतात, आणि मानकाचाही तसाच आग्रह आहे. शांघायच्या पक्ष्यांचे पायही पिवळेच होते, म्हणून हा रंग ब्रह्मात कोणत्या बाजूने आला हे त्यावरून ठरत नाही. तो चीनमार्गे आला असो वा बंगालमार्गे, मूळ जनुक ज्या रानकोंबड्याचे आहे तो ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आढळत नाही. त्याची वस्ती द्वीपकल्पाच्या जंगलांत, विशेषतः सह्याद्रीच्या रांगांत आहे. पावसाळ्यापूर्वी कोकण-घाटमाथ्यावरील झाडीतून पहाटे त्याची तुटक बांग आजही ऐकू येते.